ग्रामसभेत हिशोब दाखवताना आकडे उडवू नका! पॉवरपॉइंटमध्ये ॲनिमेशन असं लावा

ग्रामसभेत आता वहीतून हिशोब वाचण्याऐवजी भिंतीवर स्लाइड दाखवण्याची पद्धत बऱ्याच गावांत रुळू लागली आहे. पण होतं काय, की आकडे गरगर फिरत येतात आणि लोकांनी वाचायच्या आत गायब होतात. मग मागून आवाज येतो, "अहो, जरा मागं घ्या!" हिशोब लोकांना कळावा, तर ॲनिमेशन मोजकं आणि बेताचं हवं.

ॲनिमेशन कसं लावायचं?

कॉम्प्युटरवर पॉवरपॉइंट उघडा. ज्या मजकुराला किंवा फोटोला हालचाल द्यायची, त्यावर क्लिक करा. वरच्या 'ॲनिमेशन्स' टॅबमध्ये जाऊन इफेक्ट निवडा. हिरव्या चांदणीचे इफेक्ट वस्तू पडद्यावर आणतात, पिवळे तिच्याकडे लक्ष वेधतात आणि लाल तिला पडद्यावरून घालवतात. हिशोबासाठी हिरव्यातले 'अपियर' किंवा 'फेड' पुरेसे आहेत.

जमा-खर्चाच्या ओळी एकेक करून आणायच्या असतील तर 'इफेक्ट ऑप्शन्स'मध्ये 'बाय पॅराग्राफ' निवडा. एका वस्तूला दुसरा इफेक्ट जोडायचा असेल तर 'ॲड ॲनिमेशन' वापरा. नुसता नवा इफेक्ट निवडला तर आधीचा पुसला जातो.

क्रम आणि वेळ

'ॲनिमेशन पेन' उघडलं की उजवीकडे सगळ्या इफेक्टची यादी दिसते. ओळ धरून वर-खाली ओढली की क्रम बदलतो. नको असलेली ओळ निवडून 'डिलीट' दाबलं की तो इफेक्ट जातो, मजकूर तसाच राहतो.

'स्टार्ट'मध्ये तीन पर्याय असतात. 'ऑन क्लिक' म्हणजे बटण दाबल्यावर, 'विथ प्रिव्हियस' म्हणजे आधीच्यासोबत, आणि 'आफ्टर प्रिव्हियस' म्हणजे आधीचं संपल्यावर आपोआप. ग्रामसभेत 'ऑन क्लिक'च ठेवा. लोकांचा प्रश्न संपेपर्यंत आकडा जागेवर थांबतो. 'ड्युरेशन' अर्धा सेकंद पुरे.

स्लाइड आपोआप पुढं पळत असेल तर दोष ॲनिमेशनचा नसतो. 'ट्रान्झिशन्स' टॅबमध्ये 'आफ्टर'समोरची खूण काढा.

मोबाईलवरच्या ॲपमध्येही साधे इफेक्ट लावता येतात, पण क्रम आणि वेळ नीट बसवायला कॉम्प्युटरच बरा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना सांभाळा

खरी गोची इथं होते. सभेनंतर तीच फाईल पीडीएफ करून गावाच्या ग्रुपवर टाकली जाते. पीडीएफमध्ये ॲनिमेशन राहत नाही. एकाच जागी आधी अंदाजपत्रकाचा आकडा दाखवून, तो घालवून मग प्रत्यक्ष खर्चाचा आणला असेल, तर पीडीएफमध्ये दोन्ही एकमेकांवर छापले जातात. वाचता काहीच येत नाही आणि विनाकारण संशय वाढतो. म्हणून दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवा, किंवा दोन वेगळ्या स्लाइड करा. पीडीएफ पाठवण्याआधी एकदा उघडून बघा.

ऐनवेळी कॉम्प्युटर अडखळू लागला तर 'स्लाइड शो' टॅबमधल्या 'सेट अप स्लाइड शो'मध्ये 'शो विदाऊट ॲनिमेशन' निवडा. सगळे इफेक्ट बंद होतात, हिशोब शाबूत राहतो.

गावकऱ्यांनीही लक्षात ठेवावं: आकडा वाचायच्या आत पुढं गेला, तर "मागं घ्या" म्हणायला लाजू नये. गावचा हिशोब समजून घेणं हा ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे.