घाम वाळला पाहिजे

मे महिन्यात यवतमाळात पारा 44 अंशांवर गेला तरी खिडकीतला कुलर खोली गार करतो. मृगाच्या दोन सरी पडून गेल्या की तोच कुलर नुसता दमट वारा फेकू लागतो, चादरी ओलसर लागतात आणि घरातलं कुणीतरी उठून तो बंद करतं. पंप तोच, ताट्या त्याच, पाणीही तेच. बदललेली असते ती हवा. ताटीवरून झिरपणारं पाणी कोरड्या हवेत भराभर वाफ होतं आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच उचलतं. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की हे थांबतं. आपलं शरीरही उन्हाळ्यात याच रीतीने गार राहतं, म्हणून कुलर ज्या हवेत हात टेकतो तिथे माणसानेही सावध व्हायला हवं.

स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता तयार करत असतो. वखरामागे चालणारा किंवा पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूस त्याच्या तीन-चार पट. ही सगळी उष्णता बाहेर टाकून आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राखण्याचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पाहतो. रक्त तापायला लागलं की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, आतली उष्णता अंगाच्या पृष्ठभागावर येते आणि चेहरा लालबुंद होतो. कातडी साधारण 35 अंशांची असते. बाहेरची हवा त्याहून बरीच थंड असेल तर काम एवढ्यावर भागतं. पण विदर्भाच्या मे महिन्यात हवाच अंगाला उष्णता देऊ लागते, आणि मग एकच वाट उरते, घामाची.

आपल्या अंगावर 20 ते 40 लाख घामग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून मातीत पडलेल्या घामाचा गारव्याला काही उपयोग नाही, पाणी आणि मीठ मात्र गेलेलं असतं. डोक्या-कानाला दुपट्टा बांधायची आपल्याकडची रीत याच हिशेबात चपखल बसते. तो ऊन आणि गरम झळा अडवतो, आणि सुती असल्यामुळे घाम शोषून वाळूही देतो. शरीर सरावतंसुद्धा. दहा-पंधरा दिवस उन्हात काम केलं की घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातल्या पाण्याचा साठा वाढतो. नवतपात पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेला पाहुणा दुसऱ्याच दिवशी आडवा होतो आणि मांडव घालणारा गडी उभा असतो, त्याचं कारण हेच.

जनावरांची तऱ्हा वेगळी. इतका भरघोस घाम माणसाखेरीज फार थोड्या प्राण्यांना येतो. घोडा हा त्यातला ठळक. आपल्या देशी बैलालाही बऱ्यापैकी येतो. त्याच्या घामग्रंथी विलायती गुरांपेक्षा मोठ्या आणि दाट असतात, केस आखूड असतात, आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीमुळे उष्णता बाहेर टाकायला जास्तीची कातडी मिळते. जर्सीची संकरित गाय मे महिन्यात दूध आटवते आणि गावठी बैल त्याच महिन्यात वखर ओढतो, तो या बांध्याच्या जोरावर. तरी जाणता शेतकरी दहाच्या आत औत सोडतो. बैलाची जीभ बाहेर आली आणि तोंडाला फेस धरला, म्हणजे घामाने भागत नाहीसं होऊन तो धापेवर आलेला असतो. म्हशीचं दुखणं आणखी अवघड. काळी कातडी ऊन ओढून घेते आणि घामग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी. तिला डबकं दिसलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, कारण अंगाला लागलेला चिखल हाच तिचा घाम. चिखलातलं पाणी पाठीवर सावकाश वाळत राहतं आणि बाहेर आल्यावरही बराच वेळ तिला गारवा देतं.

कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. त्याचा सगळा भरवसा जिभेवर: एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा धापा टाकताना तीनशेच्या घरात जातो. वाघाचंही तसंच, म्हणून पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात उन्हाळ्यात वाघ पाहायचा तर पाणवठा धरावा लागतो. तो बहुधा पाठमोरा पाण्यात उतरतो, मागचं अंग बुडवतो आणि तोंड वर ठेवून तासन् तास पडून राहतो. पक्ष्यांना घामग्रंथीच नाहीत. कावळा चोच उघडून धापा टाकतो, तेव्हा आतल्या ओलाव्याची वाफ होत असते. पण पक्ष्यांचं शरीरच मुळात 40 ते 42 अंशांचं असल्यामुळे आपण हरतो तिथे त्यांना थोडी सवलत मिळते.

आता मूळ मुद्द्याकडे. उन्हाचा धोका आपण पाऱ्याच्या आकड्यावर मोजतो, आणि तिथेच फसगत होते. तापमापीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा मिळतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळून शरीर किती थंड होऊ शकेल याची ती सीमा. हवा 44 अंशांची आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर हा आकडा 23 च्या आसपास येतो. हवा 32 अंशांची आणि आर्द्रता 75 टक्के असेल तर तो 28 वर जातो. म्हणजे पारा बारा अंशांनी उतरला तरी घामाचं काम अवघड झालेलं असतं. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण दगावले, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता. वैदर्भीय माणसाला तो आकडा किरकोळ वाटेल, पण ती किनाऱ्याची दमट हवा होती.

आपल्याकडे ही हवा येते कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर. 2017 साली याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकडो दाखल झाले. पुढे सगळीकडून एकच प्रश्न आला, यांनी सुरक्षा किट का घातलं नाही? त्यात दडलेला अडाणीपणाचा ठपका मला कधीच मान्य झाला नाही. भरल्या पंपाचं वीस किलो ओझं घेऊन छातीपर्यंतच्या कपाशीतून चालणाऱ्या माणसाचा तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम वाळायला हवा. किटमधल्या प्लॅस्टिकच्या सदऱ्याआत काही मिनिटांत हवा बाष्पाने गच्च होते आणि घाम वाळणं थांबतं. आतलं तापमान चढतं, घाबरं होतं, माणूस सदरा काढून फेकतो. जीव वाचवण्यासाठी शरीराने दिलेला तो हुकूम असतो.

तो पाळला की विष आत शिरायला वाट मोकळी. उष्णता टाकण्यासाठी कातडीत रक्त भरलेलं असतं, कातडी घामाने ओली असते, आणि अशा अंगातून कीटकनाशक जास्त झिरपतं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं घामग्रंथींना चालवणारं अॅसिटिलकोलिन तुंबवतात, त्यामुळे विषबाधा झालेल्याला आणखी दरदरून घाम फुटतो. बांधावर बसलेले म्हणतात, ऊन लागलं, सावलीत निजव. दोन दुखण्यांची सुरुवातीची लक्षणं इतकी सारखी की मोलाचे तास तिथेच जातात. इस्पितळात या विषावर अॅट्रोपिन देतात. त्याने घाम बंद होतो; कोरडी काख ही डोस पोहोचल्याची एक खूण. मात्रा जास्त झाली तर घामाविना अंग तापतं, म्हणून डॉक्टरांना तिकडेही डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. हा ताप किंवा उष्माघात तापाच्या गोळीने उतरत नाही. जंतूंच्या तापात हायपोथॅलॅमसच ठरलेलं तापमान वर नेतो आणि गोळी ते खाली आणते. इथे ठरलेलं तापमान जागेवरच असतं, शरीराला ते गाठता येत नाही. अंगावर पाणी आणि वर पंखा, हाच उपाय.

मग फवारायचं कसं? पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, आणि पाण्याला दाद न देणारं आवरण फक्त जिथे पंप गळतो त्या पाठीवर आणि जिथे ओली पानं घासतात त्या पुढच्या अंगाला. बाकी अंग हवेला मोकळं. असं किट आपल्या हवेसाठी कुणीतरी शिवायला हवं. वेळ सकाळची, नऊच्या आतली. अडचण अशी की फवारणीची मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपावर ठरते. जितके पंप रिकामे, तितके पैसे, म्हणून माणूस भर दुपारी अकराव्या, बाराव्या पंपाला हात घालतो. मजुरी रोजावर धरली आणि फवारणी सकाळच्या तीन तासांत दोन-तीन दिवस वाटून घेतली, तर शेतकऱ्याचा खर्च थोडा वाढेल आणि किट अंगावर टिकेल.