खुर्ची नसलेल्यांची मुत्सद्देगिरी

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामान बदलाविषयी जो अभिप्राय दिला, त्याचा उगम कोणत्याही परराष्ट्र मंत्रालयात नव्हता. वानुआतू हा प्रशांत महासागरातला जेमतेम सव्वातीन लाख वस्तीचा देश. तिथल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठात २०१९ साली कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या चर्चेतून न्यायालयाचा अभिप्राय मागण्याची कल्पना उचलून धरली आणि प्रशांत बेटांच्या सरकारांना पत्रे धाडली. वानुआतूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी ती मनावर घेतली. पुढे मार्च २०२३ मध्ये १३०हून अधिक देशांनी पुरस्कृत केलेला, अभिप्राय मागणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर झाला.

सामान्य नागरिक आता सरकारांना बाजूला सारून आंतरराष्ट्रीय राजकारण चालवू लागले आहेत, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो मला भाबडा वाटतो. या न्यायालयात पक्षकार म्हणून फक्त राष्ट्रेच उभी राहू शकतात. अभिप्राय मागायचा तर आमसभा, सुरक्षा परिषद किंवा अधिकार मिळालेल्या मोजक्या संस्थांनीच मागायचा. विद्यार्थ्यांना थेट अर्ज करायची सोयच नव्हती. पण उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २०११ मध्ये पलाऊ या बेटराष्ट्राने हीच मागणी पुढे केली होती. तेव्हा राष्ट्र होते, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची होती, मुद्दाही तोच होता. तरी ठराव मतदानापर्यंत पोचला नाही. दशकभरात जग बदलले हे खरे, पॅरिस करारही मधल्या काळातलाच. तरीही दुसऱ्या खेपेला सरकारच्या मागे तरुणांच्या संघटनांचे देशोदेशी पसरलेले जाळे होते, हा फरक नजरेआड करता येणार नाही. नागरिकांकडे चिकाटी आणि माणसे असतात, छोट्या देशाकडे खुर्ची असते. दोघांची गाठ पडली की काम होते. भूसुरुंगबंदीची मोहीम १९९२ मध्ये सहा संस्थांनी सुरू केली. कॅनडाने पुढाकार घेतला, तेव्हा कुठे डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात १२२ देशांनी करारावर सह्या केल्या.

अशा मोहिमा चालवणाऱ्या नागरिकांना निवडून कोणी दिले, हा आक्षेप रास्त आहे. कोणीही नाही. म्हणूनच त्यांचा मसुदा एखाद्या निवडून आलेल्या सरकारने स्वीकारावा लागतो आणि इतर सरकारांपुढे टिकावा लागतो. ही चाळणी लहान नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: बलाढ्य देश ऐकत नसतील तर या कागदांचा उपयोग काय? भूसुरुंगांच्या करारावर अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान यांपैकी कोणीच सही केली नाही आणि युक्रेन युद्धाच्या सावटाखाली २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड व तिन्ही बाल्टिक देशांनी त्यातून बाहेर पडायचा निर्णय घेतला. इथे नागरिकांच्या मुत्सद्देगिरीची मर्यादा उघडी पडते: भीती वाढली की सरकारे आधी लष्कराचे ऐकतात. हेगचा अभिप्रायही बंधनकारक नाही. मात्र पंधराही न्यायाधीशांनी एकमताने दिलेला हा अभिप्राय (त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते) सांगतो, की हवामानाला हानीपासून वाचवणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि खनिज इंधनाच्या उत्खननाला परवाने वा अनुदाने देणे हेही त्या कर्तव्याचा भंग ठरू शकते. देशोदेशीच्या न्यायालयांत वकिलांना याचा आधार घेता येतो. बंधन नसले तरी वजन आहे.

भारताची भूमिका इथे अवघडलेली होती. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत आपल्या प्रतिनिधींनी श्रीमंत देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर बोट ठेवले, ते योग्यच. पण सध्याच्या हवामान करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत, असाही आग्रह धरला. कोळशावर वीज चालणाऱ्या देशाचा हा व्यवहारी विचार समजण्यासारखा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो पटेलच असे नाही. आपल्या नावाने केलेले हे निवेदन न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. ते वाचावे, आणि पटले नाही तर आपल्या खासदाराला पत्र लिहून जाब विचारावा.