शेडची जमीन : ४ इंच की ६ इंच?



पाड्यावरच्या धान्यशेडचे छप्पर खांबांवर उभे आहे. त्याचा भार कोब्यावर येत नाही. म्हणून कोब्याची जाडी त्यावर काय ठेवणार, काय चालवणार यावरून ठरते. माणसे व पोती यांना ४ इंच पुरतात; ट्रॅक्टर आत येणार असेल तर ६ घ्यावेत. २० बाय ३० फुटांना ४ इंची काँक्रीट २०० घनफूट लागते, ६ इंची ३००. आम्ही ट्रॅक्टर दाराबाहेरच थांबवायचे ठरवून ४ इंच निवडले.

मागच्या शेडला मी घाईत मुरूम नीट ठोकून घेतला नव्हता. पहिल्याच पावसाळ्यात भराव खचला, कोबा तडकला. या वेळी पाणी मारून थराथराने धुम्मस केले, काँक्रीट १० दिवस ओले ठेवले. देणगीतून वाचलेल्या पैशांत पोत्यांखाली फळ्या आल्या.