बोटाखालची हाफ्तारा

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी टेबलावर उलगडतात. चर्मपत्रावर हाताने, शाईने लिहिलेला मजकूर. त्यात ना स्वरचिन्हं, ना चालीच्या खुणा. वाचणारा तो आधी घोटून येतो. तरी नजर अक्षरांवरच हवी. चर्मपत्राला हात लावायचा नाही, म्हणून चांदीची कांडी ओळीवरून फिरते. एक अक्षरही तोंडपाठ म्हणायचं नाही, हा जुना दंडक. अंध माणसाची गाडी इथेच अडते.

१६व्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत याच कारणाने अंधांना तोरा वाचायला नकार दिला. क्राकोच्या मोशे इसेर्लेस यांनी तिथेच टीप जोडली: आता नेमलेला वाचकच वाचतो, तोरापाशी वर बोलावलेला माणूस फक्त आधीचे-नंतरचे आशीर्वाद म्हणतो, निरक्षराला बोलावता, तसं अंधालाही बोलवा. पळवाट म्हणा हवं तर, पण माणसाला वर नेणारी.

आशीर्वाद म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. ‘हाफ्तारा’ म्हणजे तोरानंतर वाचायचा, संदेष्ट्यांच्या ग्रंथातला उतारा. तो छापील पुस्तकातून वाचला तरी चालतो. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथासाठी रब्बी डॅनिएल नेव्हिन्स यांनी २००३ साली निवाडा लिहिला. तोरा ब्रेलवरून वाचायला त्यांनी मान्यता दिली नाही, हाफ्तारा वाचायला दिली. शिवाय तोराचा अर्थ मोठ्याने सांगणाऱ्या दुभाष्याची प्राचीन भूमिकाही अंधांसाठी मोकळी केली. नियम न मोडता माणसाला काम शोधून देणारं हे वाचन दयेपेक्षा कितीतरी कष्टाचं आहे.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. हिब्रू ब्रेल मात्र डावीकडून उजवीकडे सरकतं. छापील अक्षराखाली बसणारे स्वर इथे व्यंजनानंतर स्वतंत्र घर घेतात, जशी आपल्या ब्रेलमध्ये ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे येते. ‘शालोम’वरून बोट फिरवणाऱ्या मराठी ब्रेल वाचकाला श, ल, म ही तिन्ही व्यंजनं ओळखीची लागतील, ठिपके तेच आहेत.

हिब्रू ब्रेल एकसारखं झालं ते १९३०च्या दशकात. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले रब्बी मायकेल आरनसन यांनी सुधारणावादी सिनेगॉगांतल्या महिला मंडळांना ब्रेल पुस्तकांच्या कामाला लावलं आणि १९३१ मध्ये ज्यूइश ब्रेल इन्स्टिट्यूट उभी राहिली. मंडळांतल्या बायका ब्रेल शिकल्या आणि स्वतः पुस्तकं उतरवू लागल्या.

आता ठिपके उमटवणारं यंत्र खिशात मावतं, पण परंपरानिष्ठ घरात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, वीज वापरत नाहीत. तिथे कागदी ब्रेलच लागतं: जाडजूड, दाबलं तर ठिपके बसणारं. तेराव्या वर्षी धर्मानुसार सज्ञान ठरणाऱ्या अंध मुलाची हाफ्तारा असेल, तर ती पानं शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी टेबलापाशी पोचलेली हवीत.