थोडक्यात जिंकलेला सामना आणि प्रशिक्षकाचा न्याय

कबड्डीचा सामना दोन-तीन गुणांनी जिंकला की जल्लोष ओसरायच्या आत चर्चा सुरू होते. शेवटी अमक्याला चढाईला का पाठवले, आघाडी असताना वेळ का काढला, बोनस का सोडला? भीमेच्या अलीकडे मांडवगण फराटा, न्हावरे आणि पलीकडे पाटस, वरवंड अशा गावांत कबड्डी जाणणारी, स्वतः खेळलेली माणसे भरपूर आहेत. शिरूरच्या बोरा किंवा दौंडच्या कटारिया महाविद्यालयात शिकणारी मुले याच गावांतून येतात. त्यामुळे महाविद्यालयीन सामन्यावरचे बोलणे कॉलेजच्या मैदानावर संपत नाही, ते गावापर्यंत पोचते. चर्चा व्हायलाच हवी, खेळ तिच्यावरच जगतो. पण या चर्चेत काही समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की, नियम आणि साधा हिशेब त्यांच्या विरोधात असूनही त्यांच्यावरच प्रशिक्षकाचा न्याय होतो. निर्णय बरोबर होता की चूक, हे निकालावरून ठरत नाही. निर्णय घेतला त्या क्षणी हाताशी काय होते आणि धोका किती होता, यावरून ते ठरते. एवढे एक सूत्र धरले तर पुढचे बहुतेक गैरसमज सुटतात.

गैरसमज १ : तीन गुणांनी जिंकलो, म्हणजे प्रशिक्षकाने सामना जवळजवळ घालवलाच होता

वस्तुस्थिती अशी की, तीन गुणांच्या फरकातून प्रशिक्षकाबद्दल फारसे काहीच सिद्ध होत नाही. पुणेकरांना जवळचे उदाहरण पुणेरी पलटणचे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवले आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, कर्णधार अस्लम इनामदार. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत बाराव्या हंगामाचा अंतिम सामना पलटण ३१–२८ असा हरली. तेव्हा प्रशिक्षक अजय ठाकूर होते आणि कर्णधार पुन्हा अस्लमच. दोन्ही वेळा फरक तीनच गुणांचा. एकदा करंडक मिळाला, एकदा नाही. तीन गुण म्हणजे एक फसलेली पकड, एक बोनस आणि लॉबीत पडलेले एक पाऊल. एवढ्यावरून एका प्रशिक्षकाला चाणक्य ठरवायचे आणि दुसऱ्याला नापास करायचे, तर तो न्याय खेळाचा नव्हे, नशिबाचा होईल. कोरडवाहू भागातला शेतकरी वाफसा पाहून वेळेवर पेरतो आणि नंतर पाऊस दडी मारतो, तेव्हा त्याची पेरणीच चुकली असे कोणी जाणता माणूस म्हणत नाही. प्रशिक्षकालाही हाच निकष लावायला हवा.

यावर आक्षेप येतो की, मोठा संघ मोठ्या फरकानेच जिंकला पाहिजे. पण तुल्यबळ संघांत निसटते निकाल हे खेळाचे नित्याचे रूप आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारतीय महिलांनी चिनी तैपेईला २६–२५ असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक घेतले, तर त्याच दिवशी पुरुषांनी इराणला ३३–२९ असे हरवले. त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताला इराणच्या महिलांनी भारताला २७–२४ असे हरवले होते, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांची थोरवी त्या तीन गुणांत मोजता येत नाही. ती आहे परक्या देशात, परक्या भाषेत एक संघ घडवण्याच्या मेहनतीत. अंतिम सामना तीन गुणांनी उलटा गेला असता तरी ती मेहनत तेवढीच खरी राहिली असती.

प्रशिक्षकाचे मोल कळते ते अनेक सामने एकत्र पाहिल्यावर. दहाव्या हंगामात पलटणने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. अंतिम सामन्यातल्या तीन गुणांपेक्षा हा आकडा रमेश यांच्या कामाबद्दल कितीतरी अधिक सांगतो. त्या हंगामाच्या गुणपद्धतीत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघालाही एक गुण मिळत असे. म्हणजे सात गुणांपर्यंतचा फरक हा झुंजीचा फरक आहे, हे नियम करणाऱ्यांनीही मानले होते.

गैरसमज २ : सामना शेवटच्या चढाईवर ठरतो

शेवटची चढाई लक्षात राहते, म्हणून ती निर्णायक वाटते. गुणफलकावर मात्र सहाव्या मिनिटाच्या बोनसचे आणि चाळिसाव्या मिनिटाच्या पकडीचे मोल सारखेच असते. २०२४ च्या त्या अंतिम सामन्यात पंकज मोहितेने पूर्वार्ध संपत आला असताना एकाच चढाईत चार गुण आणले आणि मध्यंतराला पलटणकडे १३–१० अशी आघाडी होती. सामना संपला तेव्हाही फरक तीनच गुणांचा होता. उत्तरार्धात दोन्ही संघांनी १५–१५ गुण मिळवले, म्हणजे उत्तरार्ध बरोबरीतच सुटला. अखेरच्या दोन मिनिटांवर तासभर वाद घालणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा. प्रशिक्षकाला प्रश्न विचारायचाच असेल, तर पहिल्या दहा मिनिटांत डावा कोपरा तीनदा त्याच युक्तीला का फसला, हा अधिक मोलाचा असतो, कारण त्याचे उत्तर सरावात सापडते.

गैरसमज ३ : हुकमी चढाईपटू बाहेर बसला होता, तर राखीव चढाईपटू का उतरवला नाही?

हा प्रश्न सर्वाधिक ऐकू येतो आणि त्याचे उत्तर नियमातच आहे. संघ बारा जणांचा असतो, मैदानात सात आणि राखीव पाच. पण महाविद्यालयीन आणि हौशी सामन्यांच्या प्रचलित नियमांनुसार बाद झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवता येत नाही. बदल करायचा तर मैदानात असलेल्यांपैकी कोणाला तरी बाहेर काढावे लागते. समजा मैदानात चार जण उरले आहेत आणि त्यांत दोन कोपरारक्षक आहेत. राखीव चढाईपटू हवा असेल तर त्या चौघांतला एक काढायचा. कोपरा काढला तर पुढच्याच चढाईत बचावाला खिंडार पडते. शिवाय बदलासाठी टाइम आउट किंवा मध्यंतर लागते आणि टाइम आउट एका डावात दोनच, तेही तीस-तीस सेकंदांचे. पूर्वार्धात वाचवलेला टाइम आउट उत्तरार्धात वापरता येत नाही. अशा वेळी जो खेळाडू मैदानात आहे त्यालाच चढाईला पाठवणे हा हट्ट नसतो. हातातल्या पर्यायांपैकी कमी नुकसानीचा तो पर्याय असतो.

सामना बरोबरीत सुटल्यानंतरच्या पाच-पाच चढायांबाबतही हीच गफलत होते. तिथे पाच वेगवेगळ्या खेळाडूंची नावे क्रमाने आधीच पंचांकडे द्यावी लागतात. ‘अमुक तापलेला होता, त्यालाच परत पाठवायचे’ ही सूचना प्रेक्षकांतून मोठ्या पोटतिडिकीने येते, पण नियमात तिला जागा नाही. इथे प्रशिक्षकाला जाब विचारता येतो तो यादीच्या क्रमाबद्दल आणि त्याने कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलांकडूनही चढाईचा सराव करून घेतला होता का, याबद्दल.

गैरसमज ४ : आघाडी असताना वेळ काढणे म्हणजे घाबरणे

समजा तीन गुणांची आघाडी आहे, दोन मिनिटे उरली आहेत आणि चढाई आपली आहे. आपला चढाईपटू पूर्ण तीस सेकंद घेतो, घाईत असलेला प्रतिस्पर्धी दहा सेकंदांत परततो. म्हणजे दोन चढायांची जोडी चाळीस सेकंदांची आणि १२० सेकंदांत अशा तीनच जोड्या. प्रतिस्पर्ध्याला तीन संधी मिळतात. आपणही दहा-दहा सेकंदांत खेळलो, तर त्याच्या संधी दुप्पट होतात. आक्रमक खेळात आपला चढाईपटू पकडला गेला की त्यांना एक गुण मिळतो आणि त्यांचा एक बाद खेळाडूही परत येतो. हा हिशेब करून वेळ काढणे हे धैर्याच्या अभावाचे लक्षण नाही.

ही वाट फुकटची मात्र नाही. वेळ काढणाऱ्यालाही निदान रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद आणि प्रतिस्पर्ध्याला गुण. म्हणून वरच्या उदाहरणात दोनदा वेळ काढता येईल, तिसऱ्यांदा झुंजावेच लागेल. ती तिसरी चढाई कोणाच्या वाट्याला येणार, हे ज्या प्रशिक्षकाने आधी ठरवले नाही त्याच्यावर टीका रास्त आहे. केवळ वेळ काढला म्हणून केलेली टीका रास्त नाही.

गैरसमज ५ : सोडलेला बोनस आणि पत्करलेला लोण या बचावाच्या चुकाच असतात

बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात बचावपटू असताना. बोनसने प्रतिस्पर्ध्याचा एक गुण वाढतो, पण त्याचा बाद खेळाडू परत येत नाही. बोनस रोखायला घाईने पकड टाकली आणि ती फसली, तर गुणही जातो, आपला माणूसही बाहेर जातो आणि त्यांचा माणूसही परततो. आघाडीवर असलेल्या संघाला प्रशिक्षक ‘बोनस जाऊ द्या’ म्हणतो तेव्हा तो एक गुण देऊन तीन नुकसानी टाळत असतो. लोणाचेही तसेच आहे. आपला एकच खेळाडू उरला आहे, सामना अजून बारा मिनिटांचा आहे. अशा वेळी बाद होऊन एकूण तीन गुण द्यायचे आणि सातही जण परत मिळवायचे, की त्या एकट्याला झुंजवत ठेवायचे? वेळ भरपूर असताना पहिला मार्ग अनेकदा शहाणपणाचा ठरतो, शेवटच्या मिनिटात तोच घातक ठरतो. निर्णय तोच असला तरी घड्याळाप्रमाणे त्याचे मोल बदलते.

गैरसमज ६ : निकाल बाजूला ठेवला, तर प्रशिक्षकाला जाब विचारायला काही उरतच नाही

हा सर्वात वजनदार आक्षेप आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. ‘प्रक्रिया बरोबर होती’ या वाक्याआड नालायकीही लपू शकते, हे खरे. पण निकाल हा एकमेव पुरावा नाही म्हटल्याने उत्तरदायित्व संपत नाही, उलट ते कठोर होते. सलग कितवी चढाई रिकामी गेली, याची नोंद बाकावर कोणी ठेवत होते का? टाइम आउट हातात असताना सलग चार गुण जाऊ दिले का? तीच चूक सलग तीन सामन्यांत दिसली का? राखीव खेळाडूंना सोप्या सामन्यांत खेळवून तयार केले होते का? हे प्रश्न जिंकलेल्या सामन्यानंतरही विचारता येतात, किंबहुना तेव्हाच विचारले पाहिजेत, कारण विजयाखाली चुका झाकल्या जातात. दुसरा आक्षेप असा की, जुन्या खेळाडूंची नजर प्रशिक्षकाइतकीच तयार असते. असते, यात शंका नाही. पण एखाद्याचा गुडघा सकाळपासून दुखतोय, एखाद्याने स्वतःहून चढाई नाकारली, हे बाकावरच्या माणसालाच ठाऊक असते. जाणत्यांची नजर सरावाच्या मैदानावर उपयोगी पडली, तर संघाला तिचा खरा लाभ होईल.

या साऱ्याला आपल्या भागात आणखी एक बाजू आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दौंडमध्येच राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत आणि वर्दीचे स्वप्न पाहणारी अनेक मुले कबड्डीच्या मैदानातून तिकडे पाहतात. महाविद्यालयात संघाची जबाबदारी बहुधा शारीरिक शिक्षण संचालकावर असते आणि त्याच एका माणसाकडे इतर खेळांचे संघही असतात. प्रत्येक निसटत्या विजयानंतर त्याला फैलावर घेतले, तर तो काय शिकेल? तो फक्त हुकमी खेळाडूलाच खेळवेल, दुखावलेल्यालाही उतरवेल, आणि प्रथम वर्षाच्या मुलाला तिसऱ्या चढाईची संधी कधीच देणार नाही, कारण ती फसली तर दोष त्याच्या माथी येणार. अशा भीतीची किंमत प्रशिक्षकापेक्षा मुले अधिक मोजतात. ज्या मुलाला अवघड वेळी चढाई मिळालीच नाही, तो विद्यापीठाच्या निवड चाचणीत कोणत्या अनुभवावर उभा राहणार?

म्हणून वाद जरूर घालावा, पण क्रम बदलावा. आधी पर्याय मोजावेत, मग वेळ आणि नियम पाहावेत, धोका तोलावा आणि निकाल सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. या क्रमाने बोललो तर शिरूर-दौंडच्या जाणत्या प्रेक्षकांचा अनुभव प्रशिक्षकाच्या उपयोगी पडेल, आणि आज बाकावर बसलेल्या मुलाला पुढच्या सामन्यात चढाई मिळण्याची शक्यता वाढेल.