मोबाईल हातात आहेच, तर ताटाकडेही बघायला लावा

वसई : विरार-नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल धरणारी कितीतरी तरुण पोरं रिकाम्या पोटीच घराबाहेर पडतात. मग स्टेशनवर चहा-वडापाव, दुपारी मिळेल ते, संध्याकाळी उतरल्यावर चायनीज भेळ आणि रात्री जेवताना एका हातात मोबाईल. पारोळ, भाताणे, सकवारकडून कॉलेजला येणाऱ्या मुला-मुलींचंही फार वेगळं नाही. वसईची ताजी भाजी मुंबईच्या बाजारात जाते आणि ती पिकवणाऱ्याच्या घरातलं पोर पुडीतलं खातं, अशी गत आहे.

बाहेरचं खाणं मोबाईलनेच सोपं केलं. पण हाच मोबाईल सवय सुधारायलाही कामाला येतो, आणि त्यासाठी महागडं ॲप लागत नाही.

साध्या मेसेजने काय झालं?

दक्षिण भारतात चेन्नईच्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३५ ते ५५ वयाचे ५३७ नोकरदार पुरुष त्यात होते. आहार-व्यायामाचा सल्ला सुरुवातीला सगळ्यांनाच दिला. त्यातल्या एका गटाला पुढेही मोबाईलवर साधे एसएमएस येत राहिले. २ वर्षांत मेसेज मिळालेल्यांपैकी १८ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना.

ऑस्ट्रेलियात १८ ते ३५ वयाच्या २५० तरुणांवर असाच प्रयोग झाला. तिथे मेसेजच्या जोडीला आहारतज्ज्ञांचे फोनही होते. त्या तरुणांचं भाजी खाणं वाढलं आणि गोड थंड पेयं कमी झाली.

काय खावं हे बहुतेकांना ठाऊकच असतं. वेळेवर आठवण होत नाही, खरी अडचण ती आहे.

घरच्या घरी काय करता येईल?

- रात्री ९ वाजता अलार्म लावा आणि त्याला नाव द्या : 'उद्याचा डबा'. भाकरी-भाजी किंवा उसळ-पोळी काय न्यायची, ते रात्रीच ठरलं की सकाळी वडापाववर वेळ येत नाही.
- स्टेशनवर उतरायच्या वेळेचा दुसरा अलार्म ठेवा. बॅगेत वेलची केळं किंवा शेंगदाणे-गूळ असेल तर भूक तिथेच भागते.
- आठवडाभर जे खाल त्याचा फोटो काढा. रविवारी सगळे फोटो एकदम बघा. किती दिवस हिरवी भाजी होती आणि किती दिवस तळलेलं, ते लगेच दिसतं.
- दोन-चार मित्र किंवा घरातली माणसं मिळून व्हॉट्सॲप ग्रुप करा. कुणाला टोमणे मारू नका, फक्त ताटाचा फोटो टाका.
- जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. रील बघता बघता किती खाल्लं ते कळत नाही.

किती खायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाचं ताट ठरवून दिलं आहे. २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिली. हे वजन कच्च्या मालाचं आहे. शेतात राबणाऱ्याला जास्त लागतं. याच संस्थेचं 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' हे ॲप आहे, त्यात भारतीय पदार्थांची माहिती मिळते.

आपल्याकडचंच खाणं यात छान बसतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, भातात त्या मानाने नगण्य. पावसाळ्यात आदिवासी बाया टाकळा, कुर्डू बाजारात आणतात. सुकट, जवळाही घरात असतो.

पुडीची मागची बाजू वाचा

अक्षरं बारीक असतात, म्हणून मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. घटकांच्या यादीत वजनाने सर्वात जास्त असलेला पदार्थ पहिला लिहितात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर, मैदा, पामतेल असेल तर काय ते समजा. थंड पेयावर १०० मिलीला १० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम, म्हणजे ५ ते ६ चमचे साखर झाली. दिवसभराची मर्यादाच साधारण तेवढी आहे.

पुढच्या बाजूच्या नावावर जाऊ नका. दुधात घालायच्या गोड पावडरी ऑनलाइन दुकानांत 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या जात होत्या. त्या यादीतून त्या काढा, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही.

इथे सावध राहा

'७ दिवसांत वजन कमी' म्हणत पैसे मागणारी ॲप आणि पावडर विकणारे 'ऑनलाइन डाएटिशियन' यांच्यापासून लांब राहा. कॅलरी मोजण्याच्या नादात जेवण सोडणं तर मुलींसाठी जास्तच धोक्याचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सतत थकवा, चक्कर, धाप लागत असेल तर ॲपमध्ये उत्तर शोधत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. जाणं शक्य नसेल तर सरकारच्या 'ई-संजीवनी' ॲपवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.

सगळं एकदम करायला गेलं की चार दिवसांत सुटतं. या आठवड्यात फक्त रात्री ९ चा अलार्म लावा. डबा अंगवळणी पडला की पुढचं हाती घ्या.