विमानतळ विकास शुल्क : स्वरूप व वैधता

फेब्रुवारी 2006 मध्ये मुंबई व दिल्ली विमानतळांच्या खाजगीकरणाविरुद्ध विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचारी संघटनांनी संप केला. चर्चा प्रामुख्याने नोकऱ्यांचीच झाली. प्रवाशावरील भार पुढे स्पष्ट झाला. 1 एप्रिल 2009 पासून मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाकडून 100, तर आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडून 600 रुपये विकास शुल्क घेतले जाऊ लागले. हे विमानभाडे नव्हे, मिळालेल्या सेवेचे मूल्यही नव्हे. भावी बांधकामासाठी आजच्या प्रवाशाकडून होणारी ती वसुली होय. त्याचे स्वरूप उपकराचे असल्याने, कायद्याने विहित केलेल्या पद्धतीने दर निश्चित न करता झालेली आकारणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2011 रोजी अवैध ठरविली. पुढे नियामक प्राधिकरणाच्या मंजुरीने मुंबईत हेच शुल्क पुन्हा सुरू झाले. भागधारकांनी घालावयाचे भांडवल प्रवाशाने का पुरवावे, याचे उत्तर मात्र या मंजुरीतून मिळत नाही.